वाचकांचे प्रश्न : उइजोंगबूचा लष्करी रस्सा

प्रश्न : आम्ही सोलला मुलीकडे जात आहोत. बुदे-जिगे हा लष्करी रस्सा खाण्यासाठी मुद्दाम सोलजवळच्या उइजोंगबू शहरात जावे का? त्यात डबाबंद मांस का घालतात?

उत्तर : अवश्य जावे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धानंतर, मांस दुर्मीळ असताना, अमेरिकी छावण्यांतून बाहेर आलेले डबाबंद हॅम आणि सॉसेज किमचीबरोबर (आंबवलेल्या तिखट कोबीबरोबर) तिखटजाळ शिजवून लोकांनी हा रस्सा घडवला. ‘बुदे’ म्हणजे लष्करी तुकडी. उइजोंगबूमधील ‘ओदेंग सिकदांग’ हे १९६० मध्ये मासळीच्या वड्यांची गाडी म्हणून सुरू झालेले उपाहारगृह आजही लोकप्रिय आहे. भांडे टेबलावरच उकळते. शेवया फार आधी घालू नयेत, कारण त्या सगळा रस्सा शोषून घेतात. सोबत साधा भात घ्यावा. डुकराचे मांस किंवा गोमांस वर्ज्य असल्यास मात्र हा पदार्थ टाळलेलाच बरा.