शेजाऱ्याला नव्हे, शेजाऱ्यावर

सोलापुरातल्याच एका ताईंनी विचारलंय: ‘देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही चर्चमधली ‘प्रीती’ घरात कोणी बोलत नाही, सरळ ‘प्रेम’ म्हटलं तर अर्थ बिघडेल का?

नाही बिघडत. प्रीती, प्रेम, प्रिय ही एकाच ‘प्री’ धातूची भावंडं. आणि ताई, ‘कोणी बोलत नाही’ असं सोलापुरात राहून म्हणू नये. कानडी घरात ‘प्रीती’ हाच रोजचा शब्द आहे, पूर्व भागातल्या तेलुगू घरात ‘प्रेम’. बिघडतं ते वेगळीकडेच. ‘देवाला प्रेम करा’, ‘शेजाऱ्याला प्रेम करा’ असं हल्ली उपदेशातही कानावर पडतं आणि दर वेळी खुपतं. जीव कोणाला तरी लावतात. प्रेम आणि माया कोणावर तरी करतात. हा ‘वर’ सोडू नका.

पण या आज्ञेतला मोलाचा शब्द प्रीती नव्हे, शेजारी. संस्कृत शय्या, प्राकृत सेज्जा, मराठी शेज. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, रात्री विठोबाची शेजारती होते, तीच ही शेज. ‘शेजार’ हा शब्द मी शेज आणि आगार (म्हणजे घर) असा फोडतो: ज्याची शेज आपल्या शेजेलगत, तो शेजारी. जात्यावरच्या ओव्यांतून बायका ‘शेजी’ला, शेजीबाईला हाका मारतात, तेव्हा हे नातं मला आणखी पटतं. ‘जवळ राहणारा’ एवढाच अर्थ देऊन पुढे सरकणाऱ्यांनी या शब्दातली रात्र गमावली आहे. दिवसा जवळ तर बाजारातही माणसं असतात. रात्री कण्हण्याचा आवाज भिंतीपलीकडून ज्याला ऐकू जातो, तो शेजारी. गिरणीच्या चाळीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणूनच, ‘शेजारी’ हा शब्द अपुरा आहे, तिथे ‘सहमानव’ हवा, असं मांडणाऱ्या विद्वानांशी माझं मुळीच जमत नाही. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘प्लेसिओन’ म्हणजे जवळचा, लगतचा. ‘सहमानव’मध्ये सगळं जग मावतं, पण आजारपणात रात्रभर उशाशी बसणारं कोणी दिसत नाही.

शब्द अपुरा वाटतो, कारण लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट घाईने वाचली जाते. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने विचारलं. येशूने व्याख्या दिली नाही. यरुशलेमहून यरीहोला जाताना लुटला गेलेला, अर्धमेला टाकलेला माणूस त्याने समोर ठेवला. याजक बाजूने निघून गेला, मंदिरातला सेवक, लेवीही गेला. यहुदी ज्यांच्याशी फटकून वागत, त्यांच्यातला एक शोमरोनी मात्र थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथे त्याची सेवा केली आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दिनार दिले. दुसऱ्या दिवशी! म्हणजे मधली रात्र तो त्याच्याजवळ होता. मग येशूने प्रश्नच उलटवला: या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? गोष्टीत बिछान्याचा उल्लेख नाही, तरी मला तिथे शेज दिसते. घराची भिंत लागून नसताना जो परक्याच्या शेजेजवळ गेला, तो शेजारी ‘झाला’. शब्द अपुरा कुठे पडला?

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातही शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा अठराव्या वचनात येते आणि चौतिसाव्यात तीच प्रीती परदेशातून येऊन राहिलेल्यावर करायला सांगितली आहे. तेलंगणातून माग घेऊन आलेल्यांच्या या गावाला ते वचन तोंडपाठ हवं.

आणि हो, ‘प्रेम’ खुशाल म्हणा.