बोटं दुखतात, तारा गंजतात: गिटारच्या तारांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, दिवाळीत अकॉस्टिक गिटार घेतली, मोठ्या बॉडीची. डाव्या हाताची बोटं इतकी दुखतात की एफ तर सोडाच, साधा सी कॉर्डपण नीट लागत नाही. दुकानदार म्हणतो १० च्या तारा टाक, मित्र म्हणतो १२ च ठेव नाहीतर आवाज पिचका होईल. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सातारा

आधी दोघांचंही राहू दे आणि गिटारकडे बघ. माझ्याकडे बोटं दुखतात म्हणून जी मुलं येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गिटारवर तारा जाड नसतात, उंच असतात. एक पट्टी घे आणि बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या त्या आडव्या धातूच्या काड्या म्हणजे फ्रेट) सगळ्यात जाड तार फ्रेटपासून किती वर आहे ते मोज, अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, साडेतीन-चार असेल तर कुठल्याही तारा टाकल्यास तरी दुखणारच. मग नट बघ, म्हणजे खुंट्यांच्या खालची ती खाचांची पांढरी पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये फट किती राहते बघ, केसाएवढीच राहिली पाहिजे. अजून एक सोपी खूण सांगते, पहिल्या फ्रेटवर एफ लावताना जीव जातो पण तोच शेप पाचव्या फ्रेटवर बऱ्यापैकी लागतो, असं होत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत आणि त्या नीट करून घ्यायला पाहिजेत. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घे, घरी कानशीने घासत बसू नकोस, खाच एकदा जास्त खोल गेली की तार फ्रेटवर खडखडते आणि मग नटच बदलावा लागतो.

हे झालं की मग गेजचं. १०, ११, १२ हा आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा असतो, इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे १२ ची पहिली तार ०.०१२ इंच, साधारण ०.३ मिलिमीटर. ऐकायला फरक काहीच वाटत नाही ना, पण १२-५३ चा (दुसरा आकडा सगळ्यात जाड तारेचा) पूर्ण सेट स्टँडर्ड ट्यूनिंगला गिटारवर मिळून ७३-७४ किलोचा ताण देतो आणि १०-४७ चा साठ किलोच्या आसपास, आणि तू प्रत्येक वेळी दाबतोस ते या ताणाविरुद्ध. तुझा मित्र चूक नाहीये, मोठ्या बॉडीची वरची फळी हलवायला ताण लागतो आणि १० वर जोरात स्ट्रमिंग केलं की आवाज थोडा पातळ येतो, तारा फडफडतात. म्हणून मी तुला ११-५२ सांगेन. बोटांना सुसह्य आणि गिटारचा आवाजही मरत नाही. पण १० टाकून जर तू रोज वाजवणार असशील आणि १२ ठेवून गिटार कपाटावर जाणार असेल तर बिनधास्त १० टाक, आवाजाचं पुढे बघू, तू वाजवत राहणं जास्त महत्त्वाचं आहे.

आणि नवीन सेट येईपर्यंत एक कर, सहाही तारा अर्धा सूर खाली लाव आणि पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लाव. ताण दहा टक्क्यांनी कमी होतो, नटची उंचीही मध्ये येत नाही, आणि सूर तोच राहतो त्यामुळे गाण्याबरोबर वाजवता येतं. गेज कमी केल्यावर आठवडाभरात तारा खडखडायला लागल्या तर घाबरू नकोस, ताण कमी झाला की नेक, म्हणजे गिटारचा दांडा, किंचित सरळ होते, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, थोडा सैल केला की जातं ते.

प्रश्न: आमच्याकडे पावसाळ्यात तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात, बारीक तारांवर तर गंज येतो. कुठल्या कंपनीच्या घेऊ? आणि खोबरेल तेल लावलं तर चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी

तेल नको, प्लीज. जाड तारांवर वेटोळी असतात, त्यांच्या मधल्या फटींत तेल आणि मळ जाऊन बसतो आणि दोन दिवसांत तार बद्द वाजायला लागते.

कंपनीपेक्षा तार कशाची आहे ते बघा. पाकिटावर ८०/२० ब्रॉन्झ लिहिलेलं असेल तर वेटोळं ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्ताचं, म्हणजे खरं तर पितळ, आणि घरातल्या पितळी भांड्यासारखंच ते दमट हवेत पटकन काळवंडतं. नवीन असताना त्याचा आवाज फार सुंदर, एकदम खणखणीत, पण कोकणातल्या जुलैत ती चमक फार दिवस टिकत नाही. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये जस्ताऐवजी थोडं कथील आणि अगदी किंचित फॉस्फरस असतो, ते जरा जास्त तग धरतं आणि आवाज थोडा उबदार असतो. डॅडारिओ या कंपनीने १९७४ मध्ये या तारा आणल्या आणि आज बहुतेक दुकानांत याच पहिल्यांदा हातात देतात. पण तुमच्याकडे समुद्र, पाऊस आणि घाम तिन्ही आहे तर मी सरळ कोटेड तारा घ्या म्हणेन, एलिक्सर किंवा तशा दुसऱ्या, तारेवर पातळ थर असतो त्यामुळे घाम-ओल आत शिरत नाही. महाग असतात, साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट, पण सारखे सेट बदलण्यापेक्षा परवडतात.

वाजवण्याआधी हात धुवा, वाजवून झालं की सुती फडकं तारेच्या खालूनही फिरवा, गंज खालच्या बाजूनेच सुरू होतो. गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रश्न: काकांची जुनी गिटार मिळाली, रुंद नेक, नायलॉनच्या तारा. स्टीलच्या टाकल्या तर आवाज मोठा येईल का? – एक वाचक, नागपूर

नाही, टाकू नका, अजिबात नाही. ती क्लासिकल गिटार आहे, नायलॉनचा सेट चाळीस किलोच्या आसपास ओढतो आणि ती तेवढ्यासाठीच बनवलेली असते, आतल्या पट्ट्या हलक्या, बहुतेक वेळा ट्रस रॉड नसतो. स्टील टाकलंत तर फळी फुगेल, नेक वाकेल, ब्रिज, म्हणजे फळीवर तारा अडकवतात ती पट्टी, उखडून हातात येईल. नायलॉनचाच नवा सेट घाला, जमल्यास हाय टेन्शन लिहिलेला, त्याने आवाज जरा भरीव होतो. सुरुवातीचे काही दिवस सूर सारखा उतरेल, नायलॉन ताणायला वेळ घेतं, लावत राहा.

प्रश्न: माझी पहिली तार सारखी तुटते. तारा खराब आहेत का? – एक वाचक, पणजी

कुठे तुटते ते सांगितलं नाहीत, सगळं तिथेच आहे. सॅडलजवळ, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या बारीक पट्टीजवळ, तुटत असेल तर सॅडलवर बारीक खाच पडलीये, पॉलिश पेपरने ती धार मोडायची. खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाची कड धारदार आहे. ब्रिजपाशी तुटत असेल तर तार अडकवणारी पिन ठोकण्याआधी तार वर ओढून तिच्या टोकाचा आतला गोळा लाकडाला नीट टेकलाय का बघा, पिनच्या टोकाला अडकलेला गोळा निसटतो आणि तार झटका खाते.

आणि ट्यून करतानाच तुटत असेल तर ट्यूनर बघा. काही अॅप नुसतं ई दाखवतात, कुठल्या सप्तकातला ते नाही. पहिली तार ३३० हर्ट्झच्या आसपास लागते, त्याच्या वर तुम्ही पिळत राहिलात तर कुठल्याही कंपनीची तार तुटणारच. सेट नवीन असेल तर पहिली तार सुटी मिळते, त्याच गेजची घ्या, खुंटीवर दोन-तीन वेढे, एकाखाली एक, आणि उरलेलं टोक कापून टाका, डोळ्यांत जातं ते.