वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्कला न गेलेला ‘लाइव्ह’ अल्बम

प्रश्न : केऑटिक डिसकॉर्ड या ब्रिटिश पंक बँडचा ‘लाइव्ह इन न्यूयॉर्क’ खरंच तिथे रेकॉर्ड झाला का? अशी बनवाबनवी कानाने ओळखता येते का?

उत्तर : नाही झाला. 1984चा हा अल्बम स्टुडिओत वाजवला आणि गर्दीचा गलका वरून चढवला. मुळात बँडच थट्टेचा! ब्रिस्टलच्या व्हाइस स्क्वॉड या पंक बँडमधली मंडळी आणि त्यांचे रोडी (दौऱ्यावर सामान वाहणारे, लावणारे मदतनीस) टोपणनावं घेऊन एकत्र आले. रोख होता डिसचार्ज या बँडच्या मागोमाग उगवलेल्या हार्डकोर (वेगवान, कर्कश पंक) बँडांवर : तीच खिळ्यांची जॅकेटं, त्याच युद्धाच्या घोषणा, नावात ‘डिस’. 1982 मध्ये रायट सिटी या रेकॉर्ड लेबलच्या ‘रायटस असेंब्ली’ या संकलनात त्यांचं गाणं आलं. हे लेबल उभारण्यात व्हाइस स्क्वॉडचेच दोघे होते, म्हणजे थट्टा घरातल्या घरातच. पुढे अल्बमवर अल्बम निघाले, ते वेगळंच.

आता कानाचं. हेडफोन लावा आणि गाणं संपताना शेवटच्या झांजेनंतरचे तीन-चार सेकंद पुन्हा पुन्हा ऐका. खऱ्या कार्यक्रमात गर्दीचा आवाज गायकाच्या आणि ड्रमच्या माइकमध्येही शिरतो, त्यामुळे झांज आणि टाळ्या एकाच हॉलमध्ये घुमतात. झांज कोरडी आणि टाळ्या मात्र स्टेडियमातल्या, असं असेल तर संशय घ्या. तीच शिट्टी दोन गाण्यांनंतर पुन्हा ऐकू आली, तर टेपचा तोच तुकडा परत जोडलाय. गाणं चालू असताना गर्दी एकाच पातळीवर गुणगुणत राहते, हीसुद्धा खूण.

प्रश्न : आमच्या बँडला असंच विडंबन करायचंय, पण ड्रम साध्या रॉकसारखे वाजतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा बास ड्रमचा तिसरा ठोका. डी-बीटसाठी, म्हणजे डिसचार्जवरून नाव पडलेल्या या ड्रमच्या चालीसाठी, आठ मोजा. बास ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) 1, 4, 6 वर; स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा छोटा ड्रम) 3, 7 वर; हाय-हॅट (झांजांची जोडी) 1, 3, 5, 7 वर. पाय सवयीने 6 ऐवजी 5 वर पडतो आणि चाल बसकी होते. 4 चा ठोका स्नेअरला लागून येतो, 6 चा पुढच्या स्नेअरला ढकलतो. सगळा धक्का त्यातच आहे. मेट्रोनोम 90 वर ठेवा (एका टिकेत दोन आकडे), मग दहा-दहाने 180 पर्यंत न्या. खांदा दुखला तर हात मनगटाऐवजी कोपरातून चालतोय. गिटारचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) शेवटपर्यंत पिळू नका, नाहीतर कॉर्ड बदललेली कळणारच नाही. टिंगल करायची तरी वाजवायचं चोखच.