लाल बॉल आणि येडा मोत्या
प्रश्न: मी आणि मैत्रीण रोज संध्याकाळी मोत्याला घेऊन ग्राउंडवर जातो, ऑफिसचा सगळा वैताग तिथेच उतरतो, पण लाल बॉल गवतात समोर पडलेला असतो आणि हा येडा हुंगत गोल गोल फिरतो, डोळे चेक करून घेऊ का?

उत्तर: अगं, डोळे ठीक असतील! कुत्र्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी 2 च प्रकारच्या, आपल्या 3, म्हणून त्यांना निळा-पिवळा नीट कळतो पण लाल बॉल नि हिरवं गवत जवळपास सारखंच मळकट दिसतं, मग बिचारा नाकाने शोधतो. निळा बॉल घे. (आमच्या राणीला मी उगाच आळशी म्हणायचे!) घरात सामानाला धडकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.