वाचकांचे प्रश्न : सहल महाविद्यालयाची, चिंता घरच्यांची

प्रश्न : मी वाळपईहून पणजीच्या महाविद्यालयात येते. निसर्ग मंडळाने आम्हाला महाविद्यालयाच्या खर्चाने चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात नेले. खारफुटीच्या मुळांशी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या (एक प्रकारचे छोटे मासे) मी प्रथमच पाहिल्या. परंतु परतताना उशीर झाला, माझी शेवटची बस चुकली आणि आता बाबा राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालू देत नाहीत. काय करावे?

उत्तर : बाबांची तक्रार सहलीविषयी नसून बसविषयी आहे, हे आधी ओळखावे. चोडणला जायचे तर रायबंदरची फेरीबोट आणि खाडीतली होडी भरती-ओहोटी पाहून, हे सारे जुळवताना वेळ लांबतोच. म्हणून परतीची वेळ आणि दूरच्या विद्यार्थ्यांची सोय शिक्षकांकडून आधीच लेखी घ्यावी. ती मागण्यात संकोच कसला? १९६९ साली सुरू झालेल्या सेवा योजनेत वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते; त्यातले बरेचसे महाविद्यालयाच्या आसपासच होते. मुक्काम असतो तो सात दिवसांच्या विशेष शिबिरात, आणि तिथे शेवटच्या बसचा प्रश्न रोजचा राहत नाही. बाबांना कार्यक्रम अधिकाऱ्यांशी एकदा प्रत्यक्ष भेटवावे. फोनवरच्या आश्वासनाने वडील मंडळींचे समाधान क्वचितच होते. निवट्यांचे वर्णनही घरी जरूर करावे, मात्र बसचा विषय मिटल्यावर.