पुरस्कारासाठी अर्ज केल्याने धंद्याला खरंच फायदा होतो का? आणि ‘महिला उद्योजक’ गटात भरावा की खुल्या गटात?

ताई, तुमचा मसाल्याचा धंदा पाच वर्षांचा आहे, अर्जाची फी भरावी का आणि विक्री वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर पुढे देते. पण तुमच्या शेवटच्या ओळीसाठी मी खरं तर लिहायला बसले. ‘घरचे म्हणतात महिला गटात भर, तिथे स्पर्धा कमी असते.’ हेच वाक्य मी आमच्या ओट्यावर ऐकलंय. तेव्हा आधी तेवढं सांगून टाकते. खुल्या, म्हणजे तुमच्या अन्नप्रक्रियेच्या गटात भरा. महिला गटात भरू नका.

माझं केळीच्या वेफर्सचं युनिट आहे, जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर पट्ट्यात. एका कढईवर मागच्या अंगणात सुरुवात केली, आता शेड आहे, नऊ बाया आणि दोन पोरं कामाला आहेत. बागा आणि कच्च्या मालाची खरेदी आमचे हे बघतात. तळण, तेल, माणसं, पॅकिंग, बिलं, दुकानदारांची उधारी हे सगळं माझ्याकडे. युनिट माझ्या नावावर आहे. आता ही ‘नावावर’ची गोष्ट आमच्या भागातल्या कोणालाही विचारा. बाईच्या नावावर केलं की कर्जात सवलत मिळते, म्हणून कितीतरी शेड बायकांच्या नावावर आहेत आणि त्यातल्या निम्म्या बायकांना शेडची किल्ली कुठल्या खिळ्याला टांगलेली असते तेही माहीत नसतं. त्यामुळे कागदावर माझं नाव बघितलं की समोरचा माणूस आधी माझ्या मागे कोण उभं आहे ते बघतो. बँकेत हेच, तेलाच्या व्यापाऱ्याकडे हेच.

२०२२ साली एका व्यापारी-औद्योगिक संघटनेच्या विभागीय पुरस्काराचा अर्ज हाती आला. मोठे दीर, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, जेवून ओट्यावर बसले होते. म्हणाले, “महिला गटात टाक. तिथं कोन राह्यतं? दोन पापडवाल्या अन् एक पार्लरवाली. तुलेच पहिला नंबर भेटीन. खुल्या गटात कशाले नाशिकवाल्यांशी डोकं लावतीस?”

नानांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी स्वतः बचत गटात उडदाचे पापड लाटून पहिले चार हजार साठवलेत. पापडवाली म्हणजे सोपी, हे गृहीतच मला सहन होत नाही. एका पिठाचा शंभर किलो पापड एका जाडीचा, एकसारखा वाळवून, पावसाळ्यात बुरशी येऊ न देता विकून दाखवा म्हणावं. आणि माझा माल भुसावळच्या दुकानात ज्या फळीवर असतो, तिथे शेजारी कंपन्यांची पाकिटं असतात. गिऱ्हाईक तिथे बाईचा वेफर आणि बाप्याचा वेफर असं निवडत नाही. कुरकुरीत आहे का, खवट आहे का, एवढंच बघतं. मग परीक्षा वेगळ्या खोलीत का द्यायची?

मी अर्ज अन्नप्रक्रियेत भरला.

त्या अर्जाला तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणं, उद्यम नोंदणी, अन्न परवाना, विजेची आणि गॅसची बिलं असं सगळं जोडायचं होतं. मला तीन आठवडे लागले. एक रकाना ‘नावीन्य’ असा होता. तिथे मी काय लिहावं? आमच्याकडे मे-जूनमध्ये वादळ आलं की रावेर-यावलच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात. पडलेला घड व्यापारी घेत नाही, घेतला तर मातीमोल. मी गेली काही वर्षं आमच्या आसपासच्या बागांचा असा माल आधी ठरवलेल्या भावाने घेते. पण तोही सरसकट घेता येत नाही. ज्या केळाच्या धारा अजून टोकदार आहेत ते कोवळं, तळलं की चिवट होतं. चार दिवस पडून साखर धरलेलं असेल तर तळताना काळपट पडतं. मधला माल निवडायचा आणि तीन दिवसांत कढईत घालायचा. त्या रकान्यात मी हे लिहिलं. नाना म्हणाले, हे काय नावीन्य, हे तर आपण करतोच.

मार्चअखेर परीक्षक आले. तिघं जण, अकराची वेळ, बाहेर ऊन चटके देत होतं आणि आत दोन कढया पेटलेल्या. मी डोक्याला टोपी, हातात झारा. त्यांनी आल्याबरोबर ह्यांना नमस्कार केला आणि विचारलं, “रोजचं उत्पादन किती?”

हे म्हणाले, “सहाशे किलो.”

अर्जात मी दीडशे लिहिलं होतं. तिघांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी पेन थांबवलं, कागद मागे उलटला, पुन्हा पुढे उलटला. मी झारा ठेवला आणि म्हटलं, “दीडशे. हे सांगताहेत तो कच्च्या केळीचा आकडा आहे. चार किलो केळीला एक किलो वेफर्स पडतात. खरेदी त्यांच्याकडे असते, म्हणून त्यांच्या डोक्यात तो आकडा.”

“कशावरून दीडशे?” ते गृहस्थ म्हणाले. आता माझ्याकडे बघून.

मी गॅसची वही आणून दिली. एकोणीस किलोची टाकी, रोजच्या दीड ते दोन. त्यांनी फोनवर हिशेब केला. केळीतलं किती पाणी उडतं, त्याला किती गॅस लागेल, सगळं पुटपुटत. मग मान हलवली. सहाशे किलो वेफर्स निघत असते तर टाक्या सहा-सात लागल्या असत्या, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी तेलाचं विचारलं. मी तेल किती खराब झालंय ते दाखवणारा मीटर काढून कढईत बुडवून दाखवला, सतरा आला. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जी ध्रुवीय संयुगं तयार होतात, ती पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. मी वीसला थांबते. उतरवलेलं तेल कुठे जातं? बायोडिझेलवाल्याला, ह्या पावत्या. त्यांनी पावत्यांवरच्या तारखा तेलाच्या वहीशी जुळवून बघितल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. मांडणीवरून एक पाकीट उचललं, पाण्याची बादली मागितली, पाकीट बुडवून तळव्याने दाबलं. कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक रेघ वर आली. दुसरं घेतलं, तेही तसंच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पावसाळ्यात शंभरामागे सात-आठ पाकिटं परत येत होती, ‘सादळले’ म्हणून, आणि दोन वर्षं मी दुकानदारांना दोष देत होते की तुम्ही माल ओलीत ठेवता. ते म्हणाले, “भरताना पाकिटाच्या तोंडाला तेल आणि चुरा लागतोय, तिथे सील धरत नाही. नसराळं मोठं करा, तोंड कोरडं ठेवा.” चारशे रुपयांचं पत्र्याचं नसराळं करून घेतलं. त्या पावसाळ्यात परतीचा माल शंभराला एक-दोनावर आला. वेफर्स कुरकुरीत राहावेत म्हणून पाकिटात नायट्रोजन भरायचा नऊ हजारांचा खर्च मी आधीच करत होते, तो सगळा त्या कोपऱ्यातून निघून जात होता.

ती माणसं गेली आणि घरात दुसरंच सुरू झालं. नाना म्हणाले, चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. ह्यांनी एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त लागलं. मी तेव्हा गप्प बसले. आता इथे सांगते. मी त्यांना खोटं पाडलं नाही. त्यांचा आकडा खरा होता, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला होता. मी गप्प बसले असते तर अर्ज खोटा ठरला असता, आणि सहाशे सांगणारा माणूस फुशारक्या मारणारा ठरला असता. मी दोघांचीही लाज राखली. दुसऱ्या कोणत्या शब्दांत राखायला हवी होती ते नानांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मला दुसरा क्रमांक मिळाला. नाशिकला कार्यक्रम झाला. पहिला गेला तिकडच्याच एका बेदाण्याच्या युनिटला. नंतर मी मुद्दाम जाऊन ते युनिट बघून आले. स्वतःची प्रयोगशाळा, प्रत्येक लॉटचा नमुना सहा महिने जपून ठेवलेला. ते पहिलेच होते, त्यात वाद नाही. महिला गटातल्या विजेत्या बाईंचं आभाराचं भाषण त्यांच्या यजमानांनी केलं. त्या शेजारी उभ्या होत्या, हातात सन्मानचिन्ह धरून. त्यांचं युनिट उत्तम असेलही, मला माहीत नाही, कारण त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायला मिळालं नाही. मला बोलावताना निवेदकाने ‘ज्यांच्या पाठीशी पती भक्कम उभे आहेत’ असं म्हटलं. ते खरंच आहे, उभे आहेतच. पण बेदाणेवाल्या भाऊंच्या पाठीशी कोण उभं आहे हे कोणी सांगितलं नाही, आणि त्यांच्या पत्नी तिसऱ्या रांगेत बसलेल्या मी बघितल्या होत्या.

आता तुमचा प्रश्न. विक्री वाढते का? फोटो छापून आल्यावर तीस-चाळीस फोन आले, त्यातले बहुतेक अभिनंदनाचे, दोन नवीन दुकानं मिळाली. बाकीच्या दुकानदारांनी आधीचाच प्रश्न विचारला, ‘मार्जिन किती देता?’ चिन्ह दाखवून कोणी जास्त माल उचलत नाही. बँकेत मात्र फरक पडला. सहा लाखांची कॅश क्रेडिटची मर्यादा पंधरावर गेली. पण तीही पुरस्कारामुळे नव्हे, अर्जासाठी म्हणून तीन वर्षांचे कागद एका फाइलला लागले होते म्हणून. मॅनेजरने चिन्हाकडे बघितलंही नाही, फाइल उलटत बसला.

फीचं म्हणाल तर ‘तुमची निवड झाली आहे, पंचवीस हजार भरा आणि हॉटेलात येऊन पुरस्कार घ्या’ असे फोन तुम्हालाही येत असतील. ठेवून द्या. अर्जाची साधी फी असेल तर हरकत नाही, पण भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: युनिट बघायला कोणी येणार आहे का? येणार नसेल तर तो पुरस्कार तुमच्या कामाचा नाही. मला पुरस्कारातून जे मिळालं ते बादलीतल्या त्या बुडबुड्यांतून मिळालं.

मसाल्यासाठी दोन गोष्टी. मिरची नंदुरबारच्या बाजारातून रोखीने घेत असाल तर पक्की बिलं घ्यायला आजपासून सुरुवात करा. बिनबिलाचा रोखीतला माल हिशेबात दिसत नाही, आणि परीक्षक खरेदी-विक्रीचा मेळ घालतातच. आणि प्रत्येक दळणातून एक पुडी तारीख घालून बाजूला ठेवा, बेदाणेवाल्यांसारखी. जिल्हा उद्योग केंद्राकडूनही लघुउद्योजकांना जिल्हा पुरस्कार दिले जातात, तिथे चौकशी करा. नोंदणी आणि उत्पादनाला काही वर्षं झालेली असावी लागतात, तुमची पाच झालीत.

एक मात्र राहिलं. युनिट वर्ष-दोन वर्षांचंच असेल, ताळेबंद अजून नसेल आणि घरातून अर्ज भरायलाच विरोध असेल, तर महिला गटात भरणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. कोणाकोणाला पहिल्यांदा घराबाहेर पडायला तेवढंच दार मिळतं. आमच्या बचत गटातल्या दोघींनी तसंच केलं आणि त्या भाषणं स्वतः करून आल्या. पण तुमची पाच वर्षं झालीत, तुम्ही फळीवर कंपन्यांच्या शेजारी माल विकता. तुमचे घरचे ‘स्पर्धा कमी’ म्हणतात तेव्हा ते तुमच्या मसाल्याबद्दल काय म्हणताहेत ते नीट ऐका.

नाना अजून पाहुण्यांना सांगतात, महिला गटात टाकलं असतं तर पहिली आली असती. दिवाळीतही सांगितलं. यंदाचा अर्ज मी परवा भरला, अन्नप्रक्रियेतच. रात्री हे शेजारी येऊन बसले, चष्मा लावला आणि उत्पादनाच्या रकान्यासाठी स्वतःच्या हाताने दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले: कच्ची केळी सातशे, वेफर्स एकशे पंच्याहत्तर. ती चिठ्ठी मी गॅसच्या वहीत ठेवली आहे.