ब्रेस्ट लिफ्टचं ठरवण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बाळंतपणानंतर छाती ओघळली, ब्रेस्ट लिफ्ट करून घेऊ का, असं विचारलंस आणि वर ‘ताई, हसू नका’ असं लिहिलंस, पण यात हसण्यासारखं काय आहे? ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून माझी सारी नोकरी झाली. दबक्या आवाजात का होईना, बायका हे विचारतातच.

बाळाला अंगावर पाजलं म्हणून छाती ओघळली, हे कोणी डोक्यात भरवलं असेल तर काढून टाक. गरोदरपणातच स्तन भरतात, कातडी ताणली जाते आणि आतलं भरलेपण ओसरलं की ती पहिल्यासारखी आवळत नाही. वय, वजनाचे चढउतार आणि धूम्रपान त्यात भर घालतात. क्रीम चोळून ती वर येत नाही. जोर काढलेस तर खालचा स्नायू घट्ट होईल, कातडी नाही.

ब्रेस्ट लिफ्टला डॉक्टर मॅस्टोपेक्सी म्हणतात. पूर्ण भूल देऊन जादा कातडी काढतात, आतली ग्रंथी वर घेऊन बांधतात आणि निपल वर सरकवतात. निपल सहसा कापून वेगळं करत नाहीत. रक्त आणि नसा टिकाव्यात म्हणून ते आतल्या भागाशी जोडलेलंच ठेवतात. स्तन मोठे मात्र होत नाहीत, उलट थोडे लहान वाटू शकतात. वरून भरीव दिसायला हवे असतील तर इम्प्लांट (आत बसवायची सिलिकॉनची पिशवी) लागतं, आणि त्याचे त्रास वेगळे.

आरशासमोर सरळ उभी राहा आणि स्तनाखालच्या पटीत बोट आडवं ठेव. निपल बोटाच्या बरोबरीला असेल तर ओघळ थोडा. बरंच खाली जाऊन जमिनीकडे बघत असेल तर जास्त. काप किती घ्यायचा हे बरंचसं यावर ठरतं. थोडं असेल तर फक्त निपलच्या कडेच्या गडद भागाभोवती गोल, त्याहून जास्त असेल तर तिथून खाली एक उभा, आणि फारच असेल तर पटीतून आडवा तिसरा.

आता व्रणांचं, कारण सौदा इथेच आहे. आकार मिळतो, पण त्याची किंमत व्रणांनी मोजायची. पहिले काही महिने ते लाल-काळपट आणि जाड दिसतात. वर्षभरात फिके पडतात, पुसले जात नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर ते फुगण्याची शक्यता जास्त. कान टोचल्यावर गाठ आली होती का तुला? आली असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांग. निपलची जाणीव कमी होऊ शकते, कधी कायमची.

दुसरं मूल हवं असेल तर थांब. गरोदरपणात कातडी पुन्हा ताणली जाईल, शिवाय दूध पाजायलाही अडचण येऊ शकते.

आणि खर्रा, ते तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातेस का? नागपुरात हे विचारावंच लागतं, राग मानू नकोस. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. जखम भरत नाही, आणि रक्त कमी पडलं तर निपल काळं पडून गळूनही जाऊ शकतं. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस पूर्ण बंद. बायका हे नवऱ्यापासून लपवतात ते ठीक, सर्जनपासून लपवू नये.

आपल्या रामदासपेठ-धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही. ‘कॉस्मेटिक’ शब्दावर जाऊ नकोस, प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी डिग्री बघ. भूलतज्ज्ञ कोण आहे, रात्री रक्तस्राव झाला तर कोण येणार, हेही विचार. चांगला सर्जन भूल देण्याआधी तुला उभी करून पेनने खुणा करतो, कारण आडवं झाल्यावर स्तन बाजूला सरकतात आणि माप चुकतं. छातीची तपासणी आधी करून घे. चाळिशी गाठली असेल तर मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे) सांगतात, तुला बहुधा लागणार नाही. विमा यात धरू नकोस, सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनचे पैसे तो देत नाही.

तारीख दिवाळीनंतरची घे. टाक्यांवर रात्रंदिवस घट्ट ब्रा घालून आपला मे महिना काढणं म्हणजे शिक्षा बाप्पा! पटीत घाम साचला की कातडी सोलवटते. आणि काही आठवडे बाळाला कडेवर घेता येणार नाही, पाण्याची बादलीही उचलायची नाही. तेवढे दिवस आई येऊन राहणार का, ते विचारल्याशिवाय कुठेही अ‍ॅडव्हान्स भरू नकोस.

तुझी,
ताई